पातेल्यावरचं नाव

भांड्यांवर नावं घालणारं दुकान आता अख्ख्या पेठेत एकच उरलं होतं. वसुधाताई धारपांनी पिशवीतून पातेलं काढलं आणि म्हाताऱ्या कासारापुढे ठेवलं.

"कै. अच्युत धारप, एवढंच घाला."

कासारकाकांनी मशीन सुरू केलं. सुई पातेल्यावरून नुसतीच घसरत राहिली. दुसरी लावली, तर तिचं टोक मोडलं.

"ताई, या नव्या धातूवर काही उमटत नाही. म्हणून तर आमचा धंदा बसला."

वसुधाताईंना ते माहीत होतं, तरी त्या आल्या होत्या. हा मिश्रधातू त्यांनी आणि अच्युतरावांनीच प्रयोगशाळेत घडवला होता. त्यातल्या अणूंची नक्षी नेमकी होती, पण ती कुठेच पुन्हा तशीच येत नव्हती. 'ओरखडा धरत नाही, अन्न चिकटत नाही,' असं अच्युतरावांनी अहवालात मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं.

"घरात एखादं जुनं पितळेचं भांडं असेल की. ते आणा."

"सगळी मोडीत घातली. त्यांचाच हट्ट होता."

घरी येऊन त्यांनी त्याच पातेल्यात एकटीपुरता भात केला. जेवल्यावर ते नुसतं पाण्याखाली धरलं. तीस वर्षं दोघांचा भात त्यात शिजला होता. पातेलं आजच दुकानातून आणल्यासारखं दिसत होतं.