स्वखुशीची बचत

"सांगितलं तरी कुणाला पटायचं नाही," वीजबचतीचे निवृत्त तपासनीस नरहरतात्या चहाच्या टपरीवर रंगात आले. "संध्याकाळी मागणी वाढली, की प्रत्येक इमारतीने वीज कमी वापरायची, तीही स्वखुशीने. मी खात्री करायची. बचत कमी पडली, की अख्खी इमारत अंधारात! एकदा अशीच कमी पडली. तिसऱ्या मजल्यावरच्या द्वारकाबाई मला बघून हसल्या. 'पोरांना उजेड राहू दे' म्हणाल्या, आणि स्वतःच्या हाताने श्वासाचं यंत्र बंद केलं! मी 'स्वखुशी' असा शेरा मारला. काय बाई होती!"

टपरीवाली मंदा गाळणं धरून तशीच थांबली.

"माझी आत्या होती ती, तात्या. मानेखालचं सगळं अंग लुळं होतं तिचं. त्या खोलीत हात हलणारे तुम्ही एकटेच होतात."