दोन ठोक्यांमधली वाट

एक्स-रेवर छर्रे पसरले होते, अंगणात पाखरांसाठी टाकलेल्या कण्यांसारखे. शिकारीत रानडुक्कर समजून सुगंधाच्या भावाने झुडपात बार टाकला, आणि झुडपात तिचा नवरा होता. तेव्हापासून ती भावाशी बोलली नव्हती. तो सरकारी इस्पितळाच्या वॉर्डाच्या दारातच उभा होता.

“जगतलो मा, बाई?” तिने विचारलं.

“जगेल. आयुष्यभर बंदुकीच्या जखमा शिवतेय मी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण हे बघा. हा छर्रा काळजाच्या अगदी कडेने गेलाय. काळीज फुलतं, आकसतं. छर्रा आला तेव्हा ते आकसलेलं होतं. फुललेलं असतं, तर आज आपण बोलत नसतो.”

सुगंधा बघतच राहिली. एवढ्याशा आकसण्यात तिचं अख्खं घर मावलं होतं. तिने नवऱ्याच्या छातीवरच्या पट्टीवर अलगद तळवा ठेवला. आत फुलत होतं, आकसत होतं.

“बाबल्या, हयसर ये. हात लाव.”

भाऊ हलेना. नवरा डोळे मिटूनच पुटपुटला, “ये रे, डुकर नाय मी.”

भावाने भीत भीत डावा हात पुढे केला. तिने त्याचा उजवा, बंदुकीचा हात ओढला आणि त्या ठोक्यांवर ठेवला.