शिशाची जाळी

शरीराच्या आतलं चित्र काढणाऱ्या गॅमा कॅमेऱ्यापुढच्या शिशाच्या जाळ्या बनवण्यात त्याची उमर गेली होती. या खेपेला त्याने छिद्रं इतकी बारीक ठेवली, की हाडातला कॅन्सरचा वाटाण्याएवढा डागही लपू नये. फक्त पेशंटने बराच वेळ निपचित पडून राहायचं.

कंबरदुखीने कळवळणारे त्याचे वडीलच, जाळी बसवल्याच्या पहिल्या आठवड्यात, त्या कॅमेऱ्याखाली आडवे झाले. "पोराची जाळी आहे बाई, नाक खाजलं तरी हलायचा नाही मी," असं टेक्निशियनबाईंना बजावून ते खरोखरच दगडासारखे पडून राहिले.

पडद्यावर मणक्यातला एकेक डाग लख्ख उमटला.

"काय रे, राखली की नाही तुझी अब्रू?" उठता उठता त्यांनी पडद्यापाशी उभ्या पोराला विचारलं.



"हललात तुम्ही, अण्णा," पडद्याकडे पाठ करत तो म्हणाला. "पुन्हा काढू."