छताला दोन भोकं

"ही जागा," आजोबा पॅसेजच्या छताकडे बोट दाखवत म्हणाले. "इथेच लावायचा. आणि पाचच्या आत."

दारातून नुकत्याच आत आलेल्या बाईने आजोबांच्या गालाभोवतीच्या मफलरकडे पाहिलं, मग उघडून ठेवलेल्या शिडीकडे, मग खोक्यातल्या राउटरकडे. ती काहीतरी बोलणार होती. पण आजोबा एकदा सुरू झाले की समोरच्याची पाळी लवकर येत नाही. त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं होतं.

पाच वाजता त्यांचा ऑनलाइन बुद्धिबळाचा अंतिम सामना होता. समोर एक निवृत्त स्टेशनमास्तर. गेल्या वर्षी आजोबा जिंकत आले होते आणि नेमकं नेटवर्क गेलं. वेळ संपली, आजोबा हरले, वर स्टेशनमास्तरांचा मेसेज आला, "काय सर, गाडी चुकली का?" तो मेसेज आजोबांच्या जिव्हारी लागला होता.

त्यात या वर्षी दाढ पंधरा दिवस ठणकत होती. घोडा हलवायला जावं आणि उंट हलावा, अशी गत. आईने दवाखान्याचं नाव काढलं की आजोबा बाल्कनीत जाऊन बसायचे. "मला दुखण्याची भीती नाही, त्या मशीनच्या आवाजाची आहे," असं ते अगदी ताठ मानेने सांगायचे.

दाढेचं काही होत नव्हतं, निदान राउटरचं तरी व्हावं, म्हणून बाबांनी दुपारी माणूस पाठवतो म्हणून सांगितलं होतं. माणसाऐवजी बाई आली, यावर पंधरा वर्षांची नात जाम खूश होती. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि उगाच म्हणत नसत.

"ड्रिल आहे का घरात?" बाईने शेवटी विचारलं.

"म्हणजे तुम्ही आणलं नाही?" आजोबा म्हणाले. "हल्ली सगळे असे हात हलवत येतात."

"हात तेवढे आणलेत," बाई म्हणाली.

भिंगरी फस्सकन हसली. आजोबा हसले नाहीत, पण बाबांचं ड्रिल काढून द्यायला स्वतः उठले.

बाईने घड्याळ काढून ठेवलं, केस घट्ट बांधले आणि हात धुऊन आली. मग शिडीवर चढून पेचकसाच्या मुठीने छत ठोकत ठोकत ऐकू लागली.

"दिव्याची वायर कुठून जाते?"

"उजवीकडून," आजोबा म्हणाले.

"मग आपण डावीकडे राहू. जागा मात्र तुम्ही झकास निवडलीत. इतक्या वर लावला की ते लोखंडी कपाट मध्ये येणार नाही."

आजोबांची छाती दोन इंच फुगली. "भूमिती आहे साधी."

"पोरी, घरात व्हॅक्यूम क्लीनर आहे? आण. नळी भोकाच्या अगदी जवळ धर. थोडी तिरकी. हां, अशीच. उत्तम."

ड्रिल हातात घेतल्यावर तिने खाली पाहिलं. आजोबा बाल्कनीच्या दिशेने निघाले होते.

"आजोबा, तुम्ही शिडी धरा. मला आधार होईल. आता आवाज होईल, पण तीन आकडे मोजेपर्यंतच. मग मी थांबेन. मध्येच नको वाटलं तर हात वर करा."

आजोबा परत आले. दोन्ही हातांनी शिडी धरली आणि डोळे गच्च मिटले. घुर्रर्र झालं. एक, दोन, तीन. थांबलं. धुळीचा कणही खाली पडला नाही.

"झालं?" आजोबांनी एक डोळा उघडला.

"एक झालं. दुसरं करू?"

"करा की. त्यात काय."

भिंगरी बघतच राहिली. बाईचं मनगट जराही हलत नव्हतं. भोकात फुंकर मारून, टॉर्च लावून तिने आत पाहिलं, प्लास्टिकची गिट्टी अलगद बसवली, स्क्रू आवळले. राउटर टांगला, वायर छताच्या कडेने अशी नेली की शोधावी लागावी.

तेवढ्यात आईचा फोन आला. "ती आली का गं?"

"कधीच. काम होत आलं."

आईला खरंच वाटेना. "आजोबांनी करू दिलं?"

"अगं, शिडी धरून उभे होते."

"शिडी कशाला?" आईने विचारलं. पण भिंगरी मोबाइल घेऊन आजोबांच्या खोलीत पळाली होती. "पूर्ण रेंज आहे, आजोबा! तुमच्या खुर्चीपर्यंत!"

आजोबा खुर्चीत बसले, पट उघडला, एक सराव डाव खेळून पाहिला. कुठे अडलं नाही. त्यांनी बाईकडे असं पाहिलं, जसं ते पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या विद्यार्थिनीकडे पाहत असत.

"काय हात आहे हो तुमचा! तुमच्या हातात मशीन असलं, तर माणसाने निर्धास्त बसावं."

"शब्द लक्षात ठेवते," बाई म्हणाली आणि पुन्हा हात धुवायला गेली.

दाराची बेल वाजली. बाहेर एक घामाघूम गृहस्थ उभे होते, खांद्यावर ड्रिलची पिशवी. "उशीर झाला, माफ करा. राउटर बसवायचाय ना?"

भिंगरीने छताकडे पाहिलं. मग आजोबांकडे. आजोबांनी बाईकडे.

बाई हात पुसत आली होती. तिने आपली बॅग उघडली आणि पांढरे हातमोजे चढवले.

"खालच्या मजल्यावर नवीन दवाखाना टाकलाय मी, दातांचा. सूनबाईंनी बोलावलं होतं," ती म्हणाली. "सामन्याला अजून तास आहे, आजोबा. बसल्या जागी तोंड उघडा."