एवढंच दिसलं

"हे काय काढलंयस?" मॅडमनी कागद एका मुलीच्या नाकासमोर धरला. कागदावर चौकोनी पेशींची एक ओळ होती, प्रत्येक पेशीत एक गोल ठिपका, आणि खाली लिहिलं होतं : एवढंच दिसलं.

मुलगी खाली मान घालून उभी राहिली.

"अख्ख्या वर्गाला पेशीविभाजन दिसलं. तुझ्याच पेशी संपावर गेल्या होत्या का?"

वर्गात खसखस पिकली. मॅडमचा पारा आणखी चढला. कांद्याच्या मुळाचं टोक रंगात बुडवायचं, काचेवर दाबून पसरायचं आणि एका पेशीच्या दोन होताना बघायच्या. पहिल्या वर्षाचं सगळ्यात सोपं प्रॅक्टिकल. त्यातही कुणी अंगचोरपणा केला, की त्यांना सहन होत नसे.

"सरक. मी दाखवते तुला."

त्या मायक्रोस्कोपवर वाकल्या. स्लाइड इकडे सरकवली, तिकडे सरकवली. भिंग बदललं. पेशीच पेशी होत्या, पण एकही दुभंगत नव्हती. "साधी स्लाइडही धड करता येत नाही," असं पुटपुटत त्या शेजारच्या मुलाकडे वळल्या. त्याच्या कागदावर साऱ्या अवस्था होत्या. गुणसूत्रं मधोमध ओळीत उभी, मग दोन टोकांकडे ओढली गेलेली. सुबक, नावांसकट. त्याच्या स्लाइडमध्ये मात्र काहीच नव्हतं. त्याच्या पलीकडच्या मुलीच्या स्लाइडमध्येही नाही. मॅडम एकेका मायक्रोस्कोपला डोळा लावत पुढे गेल्या, तशी खसखस विरत गेली.

त्यांनी मामांना हाक मारली. प्रयोगशाळेतले मामा बाटल्या विसळत होते, ते हात पुसत आले.

"मामा, ही मुळं कधीची?"

"सुट्टीत कांद्यांखालच्या बरण्यांमधलं पाणी आटलं मॅडम. मुळं सुकून गेली होती. दुसरी नव्हती, म्हणून तीच भिजवून दिली."

म्हणजे मुळं मेलेली होती, त्यांच्या पेशी दुभंगणं केव्हाच थांबलं होतं. आणि मेलेल्या मुळांत या सगळ्यांना पेशी दुभंगताना दिसल्या होत्या.

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी टेबलांवरचे कागद ओढून गोळा केले आणि एका दमात टराटरा फाडले.

"उद्या तुमच्यातलंच कुणीतरी दवाखान्यात रक्त तपासायला बसेल. तेव्हाही असंच ठोकून द्याल? समोरचा माणूस मेला तरी तुमचं चित्र सुबकच असेल." त्यांनी फाडलेले तुकडे टेबलावर आपटले. "एवढे सगळे बसलात, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की मॅडम, इथे काहीच दिसत नाही?"

 मॅडमनी त्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला.

"मघाशी तुला बोलले ते मनात ठेवू नकोस. आणि तुम्ही सगळे, हिच्याकडून शिका जरा. वर्गात एकटी ही खरी निघाली."

मुलगी कानकोंडी झाली. तिने वर पाहिलं नाही.

"तसं नाही मॅडम," ती हळूच म्हणाली. "मागच्या तासाला तुम्ही सगळ्या आकृत्या काढून दिल्यात, तेव्हा मी आजारी होते. काय दिसायला हवं ते ठाऊक असतं, तर मीपण तेच काढलं असतं."