जुन्या दाराचं लाकूड

शहरातली ज्यू घरं एकेक करून रिकामी झाली, तसे आम्हीही निघालो. लोकांनी सोनंनाणं आणलं. बाबांनी दाराच्या चौकटीचं उभं लाकूड उचकटून आणलं. नव्या देशातलं दार निघालं बुटकं. आमच्याच शहरातून आलेला सुतार करवत धरून थांबला, “काका, वरून कापू की खालून?” वरच्या टोकाला मेझुझाची, म्हणजे प्रार्थनेच्या डबीची जागा होती, लहानपणी तिला हात लावायला मी बाबांच्या खांद्यावर चढायचे. खाली आम्हा भावंडांच्या उंचीच्या रेघा. आईने दटावलं, “देवाची जागा हलवायची नाही!” बाबांनी रेघांवरून अंगठा फिरवला. “वरून काप. देव समजूतदार आहे, सरकेल खाली. पोरांची उंची कमी करायची नाही.” डबी खाली बसवली. माझ्या लेकीने नुसत्या टाचा उंचावून तिला हात लावला. बाबांनी सुताराच्या कानावरची पेन्सिल ओढली. “टाचा टेकव. रेघ मारायचीय.”