कड्यावरची भेग

हाही कडा तो नव्हता. रागिणीनं फोटो पुन्हा समोर धरला, एक डोळा मिटून पाहिलं आणि चिडून दगडावर बसली.

"झालं समाधान? चाल आता," साजिद म्हणाला. तोही चित्रकारच. अमरावतीत दोघांचं मिळून प्रदर्शन होतं, शहर आणि डोंगर या विषयावर. शहराची चित्रं केव्हाच वाळून तयार होती. डोंगर मात्र रागिणीच्या एका फोटोपायी अडून बसला होता.

फोटोत तिचे आईवडील होते, नव्या नवलाईच्या दिवसांतले. मागं चिखलदऱ्याचा कडा, आणि त्याच्यात वरपासून खालपर्यंत एक सरळ भेग. अकोल्याच्या बाजारात जन्मभर फुलं विकणारी ही माणसं एकदाच कुठं फिरायला गेली, ती इथं. वडील, भगवंतराव, जाईपर्यंत पोरीला हेच कौतुकानं सांगत आले. आता माणिकबाईंना काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. आहे तेवढ्या उजेडात आईला तिचा कडा दाखवायचा, हाच रागिणीचा हट्ट.

"ओळंबा लावून आखल्यावानी भेग डोंगराले असते काय?" साजिद वैतागला. "अन् फोटोवर शिक्का तं अकोल्याचा हाय."

"मग? धुवायला गावातच टाकला असेल ना! इथं जंगलात कोण फोटो धुणार होतं?"

साजिदनं हात जोडले आणि उतार धरला.

रागिणी अकोल्याला गेली तेव्हा आई हार ओवत बसली होती, निव्वळ बोटांच्या अंदाजानं. कापसाला भाव नव्हता, खेड्यांतली लग्नं दोन हारांत उरकत होती. अर्धी टोपली रोज तशीच परत यायची.

"काहून हिंडून राहिली उन्हातान्हाची?" माणिकबाई करवादल्या.

"कड्यापाशी काय काय होतं, आठव ना आई."

"काय रायते? लय उकडून राहिलं होतं."

"चिखलदऱ्यात?"

"तं काय! घामानं सारी पावडर उतरली. फोटोवाला हलू नका म्हने. म्या मांगं हात टेकला, तं ते भेग हाताले लागली."

"म्हणजे अगदी कड्याला चिकटून उभी होतीस!"

"हो मा. आता राहू दे न तो कडा. कोनताबी काढ, मले कुठं दिसते?"

"कोणताही कसा काढू?" रागिणीचा पारा चढला. "तुझ्यासाठीच मरमर करतेय ना मी!" माणिकबाईंनी सुईत पुढचं फूल घातलं.

पुढच्या खेपेला साजिद आलाच नाही. परतवाड्याहून जीपमध्ये स्वतःला कोंबून ती एकटीच वर गेली. दुपारभर पायपीट केली, काटे भरले, स्वतःलाच शिव्या घातल्या. आणि एका नाल्याच्या वळणावर काळा कातळ उभा, मधोमध सरळसोट भेग! फोटो धरून पाहिला. जुळत होतं. जे थोडं जुळत नव्हतं ते इतक्या वर्षांच्या पावसापाण्यानं झालं असणार. "सापडला गं बाई!" म्हणत तिनं कातळाला मिठी मारली आणि रडली.

चित्र तिनं तिथंच बसून काढलं. भेग मुद्दाम सुरीनं, जाड रंगात खोल कोरली. नजरेला नाही तर हाताला तरी लागावी.

प्रदर्शनाला माणिकबाई एसटीनं आल्या. तोवर त्यांना समोरचं माणूससुद्धा सावलीएवढंच दिसायचं. रागिणीनं हात धरून त्यांना चित्रापाशी नेलं आणि बोटं भेगेवर ठेवली. साजिदही जवळ सरकला.

बोटं वरून खाली गेली, खालून वर आली. माणिकबाईंचे डोळे भरून वाहू लागले.

"तोच ना गं आई?" रागिणीनं विचारलं.

"खरा कडा असा लागते होय?" माणिकबाई हळूच म्हणाल्या. "आमच्या फोटोतल्या पडद्याले इथं शिवन होती."